पीटीए आला का?

१९७८ साली चिपळूणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत मी टायपिंगचा क्लास काढला. सरकारी परीक्षेला बसणारी मुलंमुली सकाळ-संध्याकाळ यायची. पण दुपारी मशीन मोकळी असायची, तेव्हा वेगळीच माणसं दारात उभी राहू लागली. गोवळकोट, कालुस्ते, मिरजोळी, पलीकडे दाभोळ, अंजनवेल, वर खेडकडची गावं. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी रिगर, कोणी मुंबईच्या गोदीत हात काळे करून आलेला. त्यांना बायोडेटा टाइप करून हवा असायचा, तोही चार प्रतींत. शेवटी एक ओळ ठरलेली : सौदी अरबस्तान, कुवेत, अबूधाबी, कतार, बहारीन यांपैकी कुठेही काम करण्यास तयार.

त्या दुपारींनी मला पुष्कळ शिकवलं. नुसतं ‘वेल्डर’ लिहिलं तर मुंबईचा एजंट कागद बाजूला ठेवतो. ‘पाइप वेल्डर, ६जी’ लिहिलं तर वाचतो. ६जी म्हणजे पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप. तो न फिरवता, स्वतः वाकून, बसून, आडवं होऊन सगळ्या बाजूंनी जोडायचा असतो. आतला पहिला थर टिगने घ्यायचा आणि वरचे थर आर्कने भरायचे, हे मी टाइप करता करता समजून घेतलं. समोरचा माणूस म्हणायचा, “मास्तर, लिवा, कंपनीत काम केलं.” मी विचारायचो, कुठला पाइप, किती जाडीचा, किती वर्षं? मग तो हाताने जाडी दाखवायचा, अडखळत आठवायचा आणि हळूहळू त्याची सगळी मेहनत कागदावर उतरायची. एवढ्या तपशिलात आपल्या कामाबद्दल त्याला तोवर कोणी विचारलेलंच नसायचं.

आखाताची वाट आमच्या भागाला नवी नव्हती. इराणच्या किनाऱ्यावर आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना १९१२ साली सुरू झाला, तेव्हापासून मुंबईहून कारागीर आणि कारकून तिकडे नेले जात होते. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘द्वारका’ बोटीच्या डेकवर वळकटी पसरून मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत असं करत बसऱ्याला पोचलेले म्हातारे मी पाहिले आहेत. त्याच कंपनीच्या ‘दारा’ बोटीवर एप्रिल १९६१ मध्ये दुबईजवळ स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावरच्या गावांत ते नाव नंतर कितीतरी वर्षं दबक्या आवाजात घेतलं जाई. आखातात अनेक ठिकाणी १९६६ पर्यंत रुपयाच चालत होता, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो मुलूख फारसा परका नसे.

मात्र ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचा भाव सुमारे चौपट झाला आणि चित्र पालटलं. सौदीने १९७५ साली जुबेल आणि यांबू या दोन औद्योगिक शहरांसाठी रॉयल कमिशन नेमलं. जुबेल तोवर मासेमारीचं गाव होतं. तिथे रिफायनऱ्या, पोलाद, खतं, पेट्रोकेमिकल असं सगळं एकदम उभं राहायला लागलं. दुबईत जेबेल अलीचं बंदर आणि ॲल्युमिनियमचा कारखाना, अबूधाबीत रुवैस, कतारमध्ये उम्म सईद. ही नावं माझ्या मशीनवर इतक्यांदा उमटली की मी तिथे कधी गेलो नाही तरी नकाशात बोट ठेवून दाखवू शकतो.

त्या काळी आखातात जायच्या परवान्याची सुरुवात माणसापासून व्हायची. कालुस्त्याचा एक फोरमन जुबेलला होता. त्याच्या साहेबाला आणखी चार पाइपफिटर हवे असले की तो गावी पत्र टाकायचा. पत्राला दोन आठवडे लागायचे. आलं की ते ओटीवर मोठ्याने वाचलं जायचं आणि नावं कोणाची द्यायची याची चर्चा व्हायची. हाताने कोण चांगला, हे पाहिलं जाईच. पण कोणाच्या घरी लग्नाच्या तीन बहिणी आहेत, कोणाचा बाप अंथरुणाला खिळलाय, हेही त्याच चर्चेत यायचं. मी अशा बैठकींना टायपिस्ट म्हणून हजर असायचो. ज्याचं नाव निघालं नाही तोही दुसऱ्या दिवशी निघालेल्याच्या पासपोर्टच्या कामाला पळायचा. पुढच्या पत्रात आपलं नाव जाईल, हा भरवसा त्याला असायचा आणि बहुतेकदा तो खरा ठरायचा.

पासपोर्ट ही स्वतंत्र मोहीम होती. १९६७ पर्यंत तो देणं न देणं सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाणं हा नागरिकाचा हक्क मानला आणि मग पासपोर्टचा कायदा झाला. पुढे १९७७ नंतर अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री असताना पासपोर्ट देण्यातला हात आणखी सैल झाला. तरी आमच्या माणसाला अर्जावर तहसीलदाराची नाहीतर आमदाराची ओळखीची सही आणावी लागे, पोलीस चौकशीला सामोरं जावं लागे आणि वरळीच्या कचेरीत रात्रीपासून रांग धरावी लागे. पासपोर्ट हाताने लिहिलेला यायचा. त्यात नावाचं एक अक्षर चुकलं तर पुढचा सगळा डोलारा कोसळे, म्हणून मी प्रत्येकाचं नाव शाळेच्या दाखल्यावरून तीन-तीनदा पडताळायचो.

रांगेत उभं राहायला आधी मुंबईत टेकायला जागा हवी. ती गावाच्या खोलीने दिली. डोंगरी, माझगाव, भायखळा, तिकडे लालबाग-परळ, सगळीकडे कोकणातल्या गावांच्या अशा खोल्या होत्या. महिन्याची ठरलेली वर्गणी, भिंतीला लागून ट्रंका, रात्री पायाला पाय लागेल अशी झोप. गोव्याच्या खलाशांचे धोबीतलावला ‘कुड’ होते, तिथे बोटीची वाट बघत राहता येई. आमच्या खोल्यांत विमानाची वाट बघत राहता येई. १९८२ चा गिरणी संप लांबला तेव्हा त्याच खोल्यांतून गिरणीतले फिटर, टर्नर गावी परत आले आणि काहीजण माझ्यासमोर येऊन बसले. वीस-वीस वर्षं एका खात्यात काढलेली माणसं. ‘मास्तर, अरबाकडे आमचं काम चालंल का?’ असं विचारताना त्यांचा आवाज खाली जायचा. त्यांतल्या काहींचं काम झालं. ज्यांचं वय उलटलं होतं, त्यांचं झालं नाही.

मुंबईत एजंटाकडे कंपनीचा टेलेक्स आला की इंटरव्ह्यू आणि ट्रेड टेस्ट. पत्र्याच्या शेडमध्ये, तिकडून आलेल्या इंजिनिअरसमोर पाइप जोडायचा. मग तो जोड कापून वाकवायचे, कधी एक्स-रे काढायचे. पास झाला की मेडिकल. तिथे माणूस मनातून खचायचा. लहानपणी झालेल्या क्षयाचा डाग छातीच्या फोटोत दिसला की अनफिटचा शिक्का, मग हात कितीही चांगला असो. गोवळकोटचा एक उत्तम वेल्डर असा परतला तेव्हा त्याच्यासाठी गावाने दुसऱ्या डॉक्टरकडे, तिसऱ्या डॉक्टरकडे पाठवून पाहिलं. शेवटी त्याने चिपळुणातच शटर आणि ग्रिलचं दुकान टाकलं. त्याच्याकडे शिकलेली कितीतरी मुलं पुढे आखातात गेली.

व्हिसाची गंमत आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना पटत नाही. दुबई-अबूधाबीकडच्या व्हिसाची, म्हणजे ‘एनओसी’ची, मूळ प्रत तिकडच्या विमानतळावर डिपॉझिट केलेली असायची. इकडे माणसाच्या हाती येई ती फोटोकॉपी, तीही पुसट. त्या पुसट अरबी कागदाच्या भरवशावर आंब्याची कलमं गहाण पडत, बायकोच्या पाटल्या मोडल्या जात. सौदीचा व्हिसा पासपोर्टवरच शिक्का मारून यायचा. त्यावर धंदा अरबीत लिहिलेला. तो वाचता येणारा माणूस आमच्याकडे होता, मदरशातले एक वयस्कर मौलवीसाहेब. ते चष्मा वर सरकवून वाचायचे आणि सांगायचे, “यात आमिल लिहिलंय, मजूर. वेल्डर नाही.” मग पुन्हा मुंबईला फेरी, एजंटाशी भांडण. त्यांच्या त्या एका वाचनाने किती माणसांची वर्षं वाचली असतील.

आणि शेवटी पीटीए. कंपनीने तिकडे तिकिटाचे पैसे भरले की इकडच्या विमान कंपनीला तशी सूचना येई. तिला सगळे पीटीएच म्हणत. तिन्ही अक्षरं इंग्रजीची, पण आमच्या बायकाही सहज बोलायच्या. नळावर, मशिदीच्या पायरीवर, बाजारात, एकमेकांना भेटलं की पहिला प्रश्न : पीटीए आला का? आला म्हटलं की घरात वेगळीच लगबग. एसटीच्या रात्रीच्या गाडीला पोचवायला अर्धी वाडी येई. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं. तोवर परदेशाचा पहिला टप्पा म्हणजे घाटातली वळणं घेत मुंबई सेंट्रल.

या आठवणी मला प्रिय आहेत. पण त्या परवान्याने माणसाला तिकडे कसं बांधून ठेवलं, हे सांगितलं नाही तर मी त्या माणसांशी प्रामाणिक राहणार नाही. जाण्याचा कागद मिळवायला सारं गाव राबायचं; परतीचा कागद मात्र एकट्या कफिलाच्या, म्हणजे तिकडच्या मालकाच्या, हातात असायचा. विमानतळावरून कॅम्पात पोचताच पासपोर्ट काढून घेतला जाई. खरं तर भारताचा पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता, तो दुसऱ्याने ठेवून घेण्याचा प्रश्नच नाही. पण वाळवंटातल्या कॅम्पात हे कोण कोणाला सांगणार? सुट्टीवर यायचं तर एग्झिट-रिएंट्री कफिलाने द्यायची. नोकरी सोडायची तर फायनल एग्झिट त्यानेच द्यायचा. दुसऱ्या कंपनीत जायचं तर त्याचीच ना हरकत. आमच्या गल्लीत येणाऱ्या एका चाचांची आई वारली तेव्हा ते सौदीत होते. तार पोचली, सुट्टी मागितली, शटडाउनचं, म्हणजे कारखाना थांबवून दुरुस्तीचं, काम चालू आहे म्हणून कागद मिळाला नाही. ते आले ते वर्षभराने, कबरीवर. नंतर कितीतरी वर्षं ते माझ्याकडे नुसतेच येऊन बसायचे. तिकडच्या कामाविषयी खूप बोलायचे, त्या वर्षाविषयी कधीच नाही.

फसवणूकही होतीच. एजंट रातोरात बोर्ड उतरवून नाहीसे व्हायचे. करारात एक पगार, तिकडे गेल्यावर दुसऱ्याच कागदावर सही. आमच्याकडे तोवर १९२२ चा ब्रिटिशांच्या काळातला कायदा होता. नवा उत्प्रवास कायदा संसदेने केला आणि ३० डिसेंबर १९८३ पासून तो लागू झाला. त्यात दोन गोष्टी होत्या : माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परवाना, आणि जाणाऱ्याच्या करारावर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची नजर. प्रोटेक्टरच्या कचेरीतला शिक्का आणखी एक रांग घेऊन आला, आणि ती रांग चुकवण्यासाठी विमानतळावर ‘पुशिंग’ नावाचा एक चोरटा धंदाही वाढला. तरीही मी त्या कायद्याच्या बाजूने आहे, तेव्हाही होतो. त्यामुळे सरकारच्या दप्तरात नोंद झाली की अमुक गावचा अमुक माणूस अमुक पगारावर अमुक कंपनीत गेला आहे.

ती नोंद किती मोलाची, हे २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं तेव्हा कळलं. आमच्या बाजूच्या घराघरांत रडारड. टेलिफोन बंद. माणसं बसने, ट्रकने, वाळवंट ओलांडत जॉर्डनला अम्मानपर्यंत आली आणि तिथून एअर इंडियाने एक लाखाहून अधिक लोकांना सुमारे दोन महिन्यांत मायदेशी आणलं. कित्येकांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीतच राहिले होते. परतलेल्यांचे नुकसानभरपाईचे अर्ज मी टाइप केले. त्यात मिळकतीचा रकाना भरताना माणसं फ्रीज, टेप, सोन्याची साखळी सांगायची आणि मध्येच थांबून म्हणायची, “जाऊ दे मास्तर, जिवंत आलो.” त्या अर्जांच्या आणि आधीच्या बायोडेटांच्या कार्बन प्रती मी फायलींत लावून ठेवल्या होत्या. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला पूर आला, त्यात त्या सगळ्या गेल्या. आज आठवतंय ते लिहून ठेवायची मला घाई आहे ती त्यामुळेच.

त्याच चाचांचा नातू आता जुबेलला आहे. आयटीआयचा वेल्डर. आधी लोट्याच्या एमआयडीसीत, मग गुजरातेत रिफायनरीच्या शटडाउनच्या कामांवर. त्याचं जाणं मी जवळून पाहिलं, कारण आजोबांनी त्याला हट्टाने माझ्याकडे पाठवलं होतं. पासपोर्टची वेळ त्याने मोबाइलवर घेतली. २०१७ पासून पोस्टाच्या कचेऱ्यांतही पासपोर्टची केंद्रं उघडली आहेत, ओळखीची सही वगैरे इतिहासजमा झालं. मुंबईत तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात पासपोर्ट कचेरी आणि प्रोटेक्टरची कचेरी एका छताखाली आली. सौदीने आता वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा धंद्यांसाठी भारतातच कौशल्य चाचणी ठेवली आहे. त्या चाचणीत पास झाल्याशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही, त्यामुळे ‘आमिल’ लिहून वेल्डरचं काम करून घेणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. मेडिकलची वेळ ऑनलाइन, बोटांचे ठसे केंद्रात. करार त्याला फोनवर आला. त्यातला पगार, ओव्हरटाइम, राहण्याची सोय आम्ही दोघांनी ओळीओळीने वाचली. तिकडे पोचल्यावर इकामा, म्हणजे तिथल्या रहिवासाचा परवाना, तोसुद्धा फोनमध्ये. पगार बँकेत जमा होतो आणि तो वेळेवर झाला की नाही, हे तिकडच्या सरकारच्या यंत्रणेला दिसतं.

कतारने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. मुंबईसह भारतातल्या काही शहरांत त्यांची व्हिसा केंद्रं आहेत. ठसे, मेडिकल आणि करारावरची सही हे सगळं इथे, घर सोडण्याआधी होतं. विमानातून उतरल्यावर दुसरा करार पुढे करण्याची जुनी चाल यामुळे अवघड झाली. एग्झिट परमिट त्यांनी बहुतेक कामगारांसाठी २०१८ मध्ये काढलं, नोकरी बदलायला मालकाची ना हरकत लागण्याची अट २०२० मध्ये. २०२१ पासून किमान वेतन हजार रियाल केलं. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी अडकून पडण्यातून, कोणाच्या तरी आईच्या चुकलेल्या मयतातून आलेली आहे, असं मी मानतो.

सौदीतही मार्च २०२१ पासून कारखान्यांतल्या कामगाराला ठरावीक अटींवर मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते, सुट्टीचा एग्झिट-रिएंट्री स्वतः काढता येतो. नातवाने पहिलं वर्ष संपल्यावर तेच केलं. रीतसर नोटीस दिली, ॲपवर दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव स्वीकारला, गावी परतण्याची गरजच पडली नाही. त्याने व्हिडिओ कॉलवर आजोबांना हे सांगितलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. चाचांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, “कफील काही बोलला नाही?” नाही म्हटल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे दिला. नंतर म्हणाले, “मला तेव्हा हे मिळालं असतं तर मी अम्मीला खांदा दिला असता.” इतक्या वर्षांत त्या वर्षाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

म्हणून जुनं ते सोनं असं मला म्हणता येत नाही. पण एक गोष्ट त्या जुन्या रीतीत होती आणि नव्या रीतीत तिची जागा रिकामी आहे. तेव्हा कागद अनेकांच्या डोळ्यांखालून जायचा. ओटीवर वाचला जायचा, मौलवीसाहेब अरबी वाचायचे, मी इंग्रजी, गावाच्या खोलीतला एखादा अनुभवी रिगर म्हणायचा, “ही कंपनी पगार लांबवते, जाऊ नको.” आज करार येतो तो एका मुलाच्या एका फोनवर, आणि तो एकट्यानेच वाचतो. पुष्कळदा वाचतही नाही, अंगठ्याने पुढे सरकवतो. परवा एका घरी मुलगा अबूधाबीत आहे असं कळलं. कंपनी कोणती, धंदा कोणता लिहिलाय, आईला माहीत नव्हतं. बापालाही नव्हतं. मुलगा चांगला आहे, पैसे पाठवतो, रोज फोन करतो. आणि घरात त्याच्या कराराची एक प्रत नाही.

यात सरकारी यंत्रणेची एक फटही आहे, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. २०१४ पासून ‘ई-मायग्रेट’ ही ऑनलाइन व्यवस्था आली. कंपनीने तिथे नोंद करायची, करार चढवायचा, एजंट परवानाधारक हवा, दहा लाखांचा विमा काढायचा, मगच मंजुरी. एजंटाची फीसुद्धा तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच ठरवून दिलेली आहे. हे सगळं उत्तम, पण ते सक्तीचं आहे ज्यांच्या पासपोर्टला प्रोटेक्टरची तपासणी लागते त्यांनाच, आणि तेही अठरा ठरावीक देशांत कामाला जाताना. पूर्वी पदवी असेल तर ही तपासणी माफ असे. पुढे ती अट खाली येत दहावीपर्यंत आली. आता आमचा आयटीआयचा जवळजवळ प्रत्येक मुलगा दहावी पास असतो. म्हणजे रिफायनरीत उंचावर चढून वेल्डिंग करणारा हा मुलगा कागदोपत्री स्वतःचं हित जाणणारा ठरतो आणि त्या जाळ्यातून सुटतो. विमा ऐच्छिक, नोंदणी ऐच्छिक. २०१८ च्या अखेरीस अशांनाही नोंदणी सक्तीची करायचं सरकारने जाहीर केलं होतं, पण ते स्थगित झालं. माझ्या मते ते व्हायला हवं होतं. रांग लागेल म्हणून ओरड झाली, ती मी समजू शकतो. पण १९९० सालच्या ऑगस्टात बाजूच्या घरांत जे पाहिलं ते पाहिलेला माणूस नोंदीला कंटाळणार नाही.

या फटीत नवे सब-एजंट बसले आहेत. बोर्ड नाही, कचेरी नाही, फक्त एक नंबर आणि रोज येणाऱ्या जाहिराती. ठरलेल्या फीच्या कितीतरी पट रक्कम घेतात, पावती देत नाहीत, आणि टूरिस्ट व्हिसावर पाठवून ‘तिकडे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणतात. पूर्वीचा लबाड एजंट निदान फोर्टातल्या एखाद्या जिन्यावर सापडायचा. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती ऐकतात. चांगली मुलं आहेत, हुशार आहेत. तपासायचं कसं एवढंच त्यांना दाखवावं लागतं : ई-मायग्रेटवर एजंटाचा परवाना नंबर बघायचा, व्हिसावरचा धंदा आणि करारातला धंदा एकच आहे का ते बघायचं, आपलं दहावीचं प्रमाणपत्र असलं तरी विमा काढायचा, तो दोन-तीन वर्षांसाठी काही शे रुपयांत मिळतो.

आता दर रविवारी आम्ही काही जुनी माणसं वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. दोघं जुबेलहून निवृत्त झालेले, एक रुवैसला सेफ्टीचं काम केलेले, एक कतारचे क्रेन ऑपरेटर, आणि मी. ज्याला ऑफर आली असेल त्याने ती छापून आणायची, ही एकच अट. आम्ही ती मोठ्याने वाचतो. सुरुवातीला मुलांना संकोच वाटायचा, पगार सगळ्यांसमोर कशाला, म्हणून. मग एकाच्या करारात जेवणाचा खर्च पगारातून कापायची ओळ बारीक अक्षरात निघाली आणि बाकीच्यांनी आपापले कागद बाहेर काढले.

अलीकडे या बैठकीला एक मुलगी येते. आयटीआयची इलेक्ट्रिशियन, वडील खेर्डीच्या एका कारखान्यात. तिला आखातात जायचं नाही, जर्मनीला जायचंय. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडेही त्या देशाचं नाव निघू लागलं. ही मात्र स्वतःच्या बळावर अर्ज करते आहे. तिथे व्हिसाआधी आपलं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघावं लागतं. त्यासाठी न्यूर्नबर्गच्या संस्थेला मार्कशीटच नव्हे, तर कुठल्या कारखान्यात कोणतं काम किती काळ केलं याचा तपशीलही हवा. मोटर वाइंडिंग किती, पॅनल वायरिंग किती, कोणाच्या देखरेखीखाली. ती म्हणाली, “आजोबा, मी लिहिलंय, कंपनीत काम केलं.” मी तिला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. मोटर किती हॉर्सपॉवरच्या? पॅनल कोणत्या मशीनचं? ती आठवत गेली, मी कॉम्प्युटरवर उतरवत गेलो. चार पानं झाली. जुबेलच्या दोघांनी त्यात केबल टाकण्याच्या कामाचा भाग सुधारून दिला. भाषांतर पुण्याला गेलंय, आणि पुढच्या महिन्यात तिची जर्मनची बी-वन परीक्षा आहे.